छत्रीची कोरीव मूठ : चोच का तुटली आणि छत्री दारामागेच का राहिली

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. आईच्या लांब छत्रीची प्लॅस्टिकची मूठ तडकली, म्हणून तुम्ही सागाच्या जाड फळीतून बदकाच्या डोक्याची मूठ कोरलीत. फळीतले तंतू दांड्याला समांतर, म्हणजे उभे ठेवलेत. चोच चांगली साडेचार सेंटिमीटर लांब, मानेवर पिसांची नक्षी, डोळ्यांना पितळी टाचण्या, वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. दोन महिन्यांत छत्री खुर्चीवरून घसरली आणि चोच मुळापासून गेली. मूठ दांड्यावर फिरायला लागली होतीच, पॉलिशवरही पांढुरके डाग आले होते. आता शिसवातून पुन्हा करावी का, शिसव जास्त मजबूत ना, असं तुम्ही विचारता.

शिसव घेऊ नका, आणि घेतलंत तरी चोच तशीच तुटेल. हे झालं छोटं उत्तर. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, की चोच तुटायच्या आधीपासूनच आई ती छत्री नेत नव्हत्या. "फार सुंदर झालीय" म्हणायच्या आणि बाहेर पडताना दारामागची जुनी घडीची छत्री उचलायच्या. चोचीचं सांगतोच, पण माझं जास्त लक्ष त्या घडीच्या छत्रीकडे गेलं. गेली बावीस वर्षं मी काठ्या आणि छत्र्यांच्या मुठी करतोय, आणि माझ्याही सुरुवातीच्या कितीतरी मुठींचं कौतुक झालं आणि त्या कपाटात गेल्या.

आधी चोच. लाकूड हा एकजीव गोळा नसतो, ती लांब बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी असते. मोळी लांबीच्या दिशेने ओढून तोडून दाखवा, जमणार नाही. दोन काड्यांच्या मध्ये नख खुपसलं की मात्र ती उकलते. लाकडाची तंतूंच्या दिशेने ताण सोसण्याची जी ताकद असते, तिच्या विसाव्या हिश्शाइतकीसुद्धा ती आडव्या दिशेने बहुधा नसते. तुमचे तंतू उभे आणि चोच आडवी. चोच बारा मिलिमीटर जाड धरली, तर तुम्ही बारा-बारा मिलिमीटरच्या काड्या शेजारी शेजारी चिकटवून साडेचार सेंटिमीटरची पट्टी केलीत असाच त्याचा अर्थ होतो. ती खुर्चीच्या उंचीवरून पडून टिकायचं काही कारणच नव्हतं. शिसवाची असती तर दोनऐवजी चार महिने टिकली असती.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी पहिली विकलेली मूठ घोड्याच्या डोक्याची होती, कान ताठ उभे, नाकपुड्या फुगलेल्या. मला तिचा इतका अभिमान होता, की द्यायच्या आधी घरभर दाखवून झाली. आठवड्यात गिऱ्हाईक परत आलं. बसच्या दारात एक कान गेला होता. मी कान चिकटवून दिला. पुढच्या आठवड्यात दुसरा गेला. त्यानंतर बरीच वर्षं मी घोडा कोरला नाही, आणि कोरला तेव्हा कान मागे मानेला चिकटवून, चिडलेला घोडा कान पाडतो तसे. लोकांना तो घोडा जास्त जिवंत वाटला.

मग तंतू चोचीच्या दिशेने आडवे ठेवले तर? चोच वाचेल, पण मान धोक्यात येईल. मानेतच दांड्याचं भोक असतं आणि वाऱ्याचा सगळा हिसका तिथेच बसतो. एक ढोबळ हिशेब सांगतो. उघडलेल्या छत्रीचा व्यास एक मीटर धरा आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा थेट पोटात शिरला असं समजा. छत्रीवर पाच-सहा किलो वजनाइतका रेटा येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. हा रेटा मुठीपासून पाऊण मीटर वर लागतो, म्हणजे पहारीने दगड उचकटावा तशी छत्री मुठीला उचकटत असते. आडव्या तंतूंची, मधून पोखरलेली मान अशा वेळी भोकाच्या कडेने उभी चिरते.

यातून सुटायचे चार-पाच मार्ग आहेत, आणि कोणता घ्यायचा ते हातात कोणतं लाकूड आहे आणि धीर किती आहे यावर ठरतं. सर्वांत सोपा म्हणजे ठोकळ्यावर आकृती तिरकी मांडायची. कागदावर बदक काढून कापून घ्या, तो कागद फळीवर ठेवून फिरवत राहा. मानेतून वर चढणारे तंतू गालातून चोचीच्या मुळाकडे वळल्यासारखे जातील, असा कोन शोधा. बहुतेक वेळा तंतू दांड्याशी ३० ते ४० अंशांचा कोन करतात तिथे तो सापडतो. मान थोडी कमकुवत होते, चोच बरीच बळकट होते, आणि दोन्ही पुरेशा जाड ठेवल्या तर चालून जातं.

दुसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत आवडतो, तो म्हणजे बदकाची बसण्याची पद्धतच बदलायची. चोच पाठीत खुपसून झोपलेलं बदक पाहिलं असेल. त्यात बाहेर आलेलं काहीच नसतं, सगळा आकार एका अंड्यात मावतो. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, कमरपट्ट्याला डबी अडकवण्यासाठी नेत्सुके नावाच्या छोट्या कोरीव गुंड्या वापरत. त्यांत प्राणी आहेत, माणसं आहेत, राक्षस आहेत, पण शेपट्या पायांत वळवलेल्या, हात गुडघ्यांना कवटाळलेले, माना आत घेतलेल्या. कपड्यात अडकेल किंवा मोडेल असं टोक ठेवायचंच नाही, ही त्या कामाची अटच होती, आणि त्या अटीतूनच त्यांचं सौंदर्य आलं. छत्रीच्या मुठीचीही हीच अट आहे. ती पिशवीच्या पट्ट्यात अडकते, दारावर आपटते, खुर्चीवरून पडते. जे टोक बाहेर काढाल ते कधीतरी मोडणार, हे गृहीत धरून आकृती काढा.

तिसरा मार्ग बेचक्याचा. फांदी खोडातून जिथे फुटते तिथे तंतू आपसूक वळलेले असतात, खोडातून निघून फांदीत शिरतात. अशा तुकड्यातून मान खोडाच्या बाजूला आणि चोच फांदीच्या बाजूला काढली, तर दोन्हीकडे तंतू लांबच्या लांब मिळतात. लाकडी जहाजं बांधणारे सांगाड्याच्या कोपऱ्यांसाठी अशीच नैसर्गिक वळणाची लाकडं शोधत फिरायचे. अडचण एवढीच की बेचकं वाळताना तडकतं. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग फासा आणि सावलीत विसरून जा. जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक वर्ष, हा जुना ठोकताळा माझ्या अनुभवाला जवळपास पटतो. माझ्याकडे माळ्यावर एक टोपली आहे, तिच्यातल्या तुकड्यांवर तारखा टाकलेल्या आहेत. काहींचं काय करायचं ठरलं होतं तेही आता आठवत नाही.

चोच वेगळ्या तुकड्याची करून खुंटीने बसवणं किंवा पातळ पट्ट्या चिकटवून ठोकळा करणं, हेही चालतं. मी क्वचित करतो, सांधा दिसतो म्हणून.

आता थोडं आकडी मुठीबद्दल, कारण तुम्ही "नाहीतर साधा आकडाच करू का" असंही विचारलं आहे. साधा दिसतो, पण फळीतून करवतीने कापलेला आकडा हा बदकापेक्षाही वाईट, कारण वळणाच्या माथ्यावर तंतू आखूडच पडतात आणि नेमका तिथेच छत्रीचा भार लटकतो. म्हणून चांगला आकडा कोरत नाहीत, वाफेवर वाकवतात. लाकूड साधारण १०० अंशांच्या वाफेत, २५ मिलिमीटर जाडीला तासभर या हिशेबाने ठेवलं, की तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं आणि काही क्षण लाकूड चामड्यासारखं वागतं. काही क्षणच, हे लक्षात ठेवा. वाफेतून काढून साच्यावर चढवायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागला, की कडकन आवाज ऐकायची तयारी ठेवायची.

खुबी अशी, की मऊ झालेलं लाकूड दाबलं तर लांबी पाव हिश्शाने कमी होईपर्यंतही आखडतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट लावतात. बाहेरची बाजू ताणलीच जात नाही, सगळा बदल आतल्या बाजूला दाबातून होतो. लाकूड भट्टीत वाळवलेलं नको, हवेत वाळलेलं आणि २०-२५ टक्के ओल शिल्लक असलेलं हवं. ॲश, चेस्टनट, हिकरी, बीच ही लाकडं यासाठी नावाजलेली. वेतही उत्तम वळतो. सुमात्राकडून येणारा मलाक्का वेत काठ्या-छत्र्यांसाठी फार जुन्या काळापासून वापरात आहे. सागाच्या नादी इथे लागू नका. वळवल्यावर आकडा साच्यावरच बांधून आठवडाभर वाळू द्या. सोडल्यावर तो थोडा उघडतोच, म्हणून साचा हवा त्यापेक्षा जरा आवळलेला करायचा. आतलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास असलं, की आकडा मनगटावरही बसतो आणि खुर्चीच्या पाठीवरही.

सर्वांत मानाची छत्री म्हणजे जिचा दांडा आणि मूठ एकाच काठीची असते, टोकाच्या शेंबीपासून आकड्यापर्यंत अखंड. तशी मी आयुष्यात मोजून अकरा केली आहेत. एक काठी सरळ, निरोगी, योग्य जाडीची मिळणं आणि ती वाकवताना न मोडणं, हे दोन्ही एकदम जुळून यायला लागतं. मोडलेल्यांची संख्या सांगत नाही.

लाकूड कोणतं, हा तुमचा मूळ प्रश्न, त्याला मी तिसऱ्या क्रमांकावर ढकललं आहे, कारण तंतूंची दिशा आणि आकृती चुकली तर कोणतंही लाकूड वाचवत नाही. तरी सांगतो. बारीक कोरीवकामाला बारीक छिद्रांचं, एकसारखं लाकूड हवं : मेपल, नाशपाती, चेरी, ऑलिव्ह, बॉक्सवुड, हळदू. यात डोळ्याची पापणी काढली तरी कड तुटत नाही. अक्रोड थोडा भरड, पण रंगाला आणि हाताला उबदार. पहिल्या चार मुठींसाठी मी बहुतेकांना अक्रोडच सुचवतो. साग पाण्याला उत्तम, पण त्यात वाळूसारखी सिलिका असते, पटाशीची धार भराभर जाते, आणि बोथट हत्याराने आपण नकळत जोर लावतो. तुमच्या पिसांच्या कडा "भुरभुरल्या" असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण हेच असावं.

शिसव सुंदर आहे, वाद नाही. पण जड आहे, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून कोरताना एका बाजूने गुळगुळीत निघतो आणि दुसऱ्या बाजूने उचकटतो, आणि त्याची धूळ बऱ्याच जणांना सोसत नाही. मला मनगटापर्यंत पुरळ उठतं. शिवाय शिसव ज्यात मोडतो तो डाल्बर्जिया हा झाडांचा अख्खा गट २०१७ पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे (ब्राझीलचा शिसव तर १९९२ पासून सर्वांत कडक परिशिष्टात), त्यामुळे अशी मूठ परदेशी विकायची झाली तर नियम आधी बघावे लागतात. आणि कोणत्याही लाकडाची धूळ असो, मास्क लावा. लाकडाची धूळ हे कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे. "मी हौशी आहे, रोज थोडंच करतो" हे फुप्फुसांना आणि नाकाला कळत नाही.

आता त्या घडीच्या छत्रीकडे येतो.

तुम्ही मानेवर पिसं कोरलीत. छत्री उघडून चालताना हात कुठे असतो? मानेवरच. म्हणजे जिथे पाच बोटं घट्ट आवळली जातात, नेमकी तिथेच तुम्ही कंगोरे ठेवलेत. पाच मिनिटं धरून उभं राहिलं तर छान वाटतं, वीस मिनिटं वाऱ्यात चाललं की प्रत्येक पीस तळव्यात रुततं. बंद छत्री काठीसारखी टेकत चालताना तळवा डोक्यावर येतो, आणि तिथे तुमच्या दोन पितळी टाचण्या. आणि चोच? ती बहुधा मनगटाच्या आतल्या बाजूला टोचत असणार, किंवा पिशवीच्या पट्ट्यात अडकत असणार. आईंनी हे काही सांगितलं नसेल. मुलाने हाताने केलेल्या वस्तूबद्दल कोण सांगेल?

जुन्या छत्र्यांच्या मुठींचे फोटो बघून आपण इथे फसतो. इटलीत माजोरे सरोवराच्या वरच्या डोंगरात जिन्येझे नावाच्या गावी १९३९ पासून छत्र्यांचं संग्रहालय आहे. अशा संग्रहांतले नाजूक, टोकदार, भरगच्च कोरलेले नमुने पाहून जीव हरखतो. पण त्यांतल्या पुष्कळशा मुठी उन्हाच्या छत्र्यांच्या असतात. उन्हाची छत्री हलकी, छोटी, हातमोजा घातलेल्या हातात दोन बोटांनी धरायची. तिला वारा नको, पाऊस तर नकोच. तिची मूठ पावसाच्या छत्रीवर बसवणं म्हणजे नाचाचे बूट घालून शेतात उतरणं.

मी नक्षीआधी पकड करतो. ठोकळा ढोबळ कापला, कडा गोल केल्या, की ज्यांच्यासाठी मूठ आहे त्यांच्या तळव्याला रंगीत खडू चोळतो आणि त्यांना मूठ घट्ट धरायला सांगतो. छत्री उघडी असताना धरतात तशी, मग टेकताना धरतात तशी. हात काढला की लाकडावर नकाशा उमटलेला असतो. जिथे रंग गडद बसला तिथे दाब जास्त, तिथे कानशीने एखादा मिलिमीटर उतरवायचा. जिथे रंगच नाही तिथे हात पोहोचतच नाही. पुन्हा खडू, पुन्हा पकड. तीन-चार फेऱ्यांत रंग सगळीकडे सारखा पसरतो, आणि तेव्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलतं, ते मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यासाठीच हे काम करतो म्हणा ना. मग नक्षी कुठे करायची ते त्या नकाशानेच ठरवलेलं असतं : जिथे रंग लागला नाही तिथे. गालांवर, डोक्याच्या मागच्या खोलगटात, मानेच्या अगदी तळाशी कड्याजवळ. बाकी सगळं गुळगुळीत.

तुम्ही मूठ तुमच्या हाताला बसवलीत, हेही उघड आहे. आईंचा हात लहान असणार. मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक मधल्या बोटाच्या नखावर टेकावं, ही माझी मोजपट्टी. मध्यम हाताला साधारण २५ मिलिमीटर जाडी होते, लहान हाताला २२-२३ सुद्धा पुरते. नीट न वाकणाऱ्या बोटांना किंवा सांधे दुखणाऱ्या हातांना मात्र उलट जरा जाड मूठ बरी पडते, कारण कमी आवळावं लागतं. आईंना तसा त्रास आहे का ते तुम्हालाच माहीत. परीक्षा ओल्या हाताने आणि डोळे मिटून घ्यायची. डोळे उघडे असले की माणूस मुठीचं कौतुक करतो, मिटले की मूठ धरतो.

वजनाचंही बघा. मूठ हातात असते म्हणून तिचं वजन वरच्या कापडाच्या वजनाइतकं जाणवत नाही, थोडी जड मूठ उघड्या छत्रीचा तोल उलट सांभाळते. पण फार जड झाली की टेकवून ठेवलेली छत्री तोंडावर पडते, आणि मग तुटतं काय ते तुम्ही पाहिलं आहे. मी १०० ग्रॅमच्या आसपास थांबतो.

जोडाकडे आता नीट लक्ष द्या, कारण मूठ फिरायला लागणं हे सौंदर्याचं नाही, धोक्याचं लक्षण आहे. वाऱ्यात ती निसटली तर छत्री कुणाच्या तरी तोंडावर जाईल. फार पूर्वी हा प्रश्नच नव्हता, दांडा लाकडाचा असे. १८५२ मध्ये शेफिल्डजवळ सॅम्युएल फॉक्स यांनी पन्हळीसारख्या वळवलेल्या पोलादी काड्या आणल्या, तिमिंगिलाच्या तोंडातल्या झालरीच्या जाडजूड काड्या गेल्या, छत्री सडपातळ झाली, आणि पुढे दांडेही पोलादी नळीचे झाले. तेव्हापासून मूठ करणाऱ्याला लाकडात धातू बसवावा लागतो, आणि या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. लाकूड ओलीने फुगतं, कोरड्या हवेत आखडतं; पोलाद हलत नाही. त्यातही लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं हलत नाही. वाढीच्या वलयांना समांतर दिशेत ते वलयांना काटकोनातल्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट हलतं, आणि लांबीत जवळपास हलतच नाही. त्यामुळे गोल पाडलेलं भोक काही दिवसांनी किंचित लंबगोल होतं.

लोकांना वाटतं ओल लागली की लाकूड फुगून दांड्याला आणखी आवळेल. मोकळं लाकूड फुगतं तेव्हा त्यातलं भोकही मोठं होतं, आणि लाकूड आखडतं तेव्हा भोकही आखडतं. म्हणून घट्ट ठोकून बसवलेल्या मुठी दमट दिवसांत सैल होतात आणि कोरड्या दिवसांत तडकतात. उपाय असा : भोक दांड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं, खोली निदान ५० मिलिमीटर, भोवती लाकडाची भिंत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी नको. दांड्याचा आत जाणारा भाग कानशीने खरवडून काढा, भोकाच्या आतही एक-दोन खाचा ओढा, आणि दोन भागांचं सावकाश वाळणारं इपॉक्सी भरा. झटपट वाळणारं नको. दांड्यावर लांबीच्या दिशेने एक बारीक खाच ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा मूठ हळूहळू वर ढकलते आणि सकाळी तुम्हाला ती चार मिलिमीटर बाहेर आलेली दिसते. हवं तर वरून दोन मिलिमीटरची पितळी खीळ आडवी घाला. लाकूड सागाचं असेल तर चिकटवायच्या अगदी आधी भोक ॲसिटोनने पुसा, सागाचं स्वतःचं तेल चिकटू देत नाही. बहुधा तुमचा जोड तिथेच सुटला.

खाली पितळी कडं बसवा, ते शोभेपुरतं नसतं. भोकाच्या तोंडाशी तंतूंची उघडी टोकं असतात, तिथून लाकूड बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी पितं. कड्याखाली आणि भोकाच्या तोंडाला इपॉक्सी नीट फासून घ्या. लोखंडी खिळा मात्र ओक, चेस्टनट अशा तुरट लाकडात ठोकू नका. त्यातल्या टॅनिनशी लोखंड आणि ओल मिळाली की शाईसारखा काळा डाग पडतो, तो निघत नाही.

इथवरचा हिशेब एकदा लावतो, कारण कामाचा क्रम यातूनच येतो. तंतू बघून आकृती मांडायची. ठोकळा चौकोनी असतानाच भोक पाडायचं, कारण कोरून झाल्यावर तो कशातच सरळ धरता येत नाही आणि भोक हमखास तिरकं जातं. मग ढोबळ आकार, मग खडू, मग नक्षी, मग पॉलिश पेपर. नक्षी पूर्ण व्हायच्या आधी पॉलिश पेपर अजिबात फिरवू नका. त्याचे कण लाकडात अडकतात आणि पुढच्या पटाशीची धार खातात.

घासण्याबद्दल एकच. १२०, १८०, २४० नंबरचे पेपर फिरवून झाले की ओल्या फडक्याने मूठ पुसा आणि वाळू द्या. मऊ झालेले तंतू दाढीच्या खुंटांसारखे उभे राहतात. ते ३२० ने हलके उतरवा आणि पुन्हा ओली करा. दोन-तीनदा केलं की नंतर पावसात मूठ खरबरीत होत नाही. चपडा ओलीने पांढरा पडतो, तुमचे डाग त्याचेच. कपाटातल्या वस्तूला चपडा छान, ओल्या हातातल्या वस्तूला वाळणारं तेल बरं : टंग तेल किंवा शिजवलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ चार-पाच हात, प्रत्येक हातानंतर दिवसभर थांबून, जादा तेल पुसून. वर्षाकाठी एक हात पुन्हा द्यायचा. जाड वार्निश टिकतं, पण हाताला लाकूड लागत नाही, मग एवढं कोरलं कशाला? जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा.

तुटलेलं बदक फेकू नका. चोचीचा उरलेला खुंट कानशीने गोल करा, मानेवरची पिसं उतरवून टाका, टाचण्या काढून त्या जागी नुसता खोलगट ठसा ठेवा. बदक राहणार नाही, कुठल्यातरी पिल्लासारखं काहीतरी होईल. मग आईंच्या तळव्याला खडू लावून ते धरायला द्या, आणि रंग कुठे लागला ते वहीत काढून ठेवा. नवीन मुठीचा नकाशा तुम्हाला तिथेच मिळेल, आणि कदाचित नवीन मुठीची गरजही पडणार नाही. पडलीच, तर ठोकळा कापल्या कापल्या त्यावर पेन्सिलीने मोठ्या अक्षरात "भोक आधी" लिहा. मी अजूनही लिहितो.